खिडकीतला फलक, कचऱ्याची पिशवी आणि न्यू जर्सीचं संविधान

निवडुंग (धागाकर्ता):

नोव्हेंबरात इथे स्कूल बोर्डाची निवडणूक आहे. आमच्याच टाउनहाउस वस्तीतले एक जण उभे आहेत आणि त्यांच्या नावाचा फलक खिडकीत लावायचा की नाही, यावरून वस्तीच्या व्हॉट्सॲप गटात धुमश्चक्री चालू आहे. वस्तीतल्या घरमालकांच्या असोसिएशनचा नियम असा की 'घर विकणे आहे' सोडून कुठलाही फलक दिसता कामा नये. एका गटाचं म्हणणं, ही अमेरिका आहे, भाषणस्वातंत्र्याची पहिली घटनादुरुस्ती आहे, कोण अडवतो बघू. दुसऱ्याचं म्हणणं, घर घेताना सही केलीत ना, मग आता गप्प बसा.

माझ्या मते दोन्ही गट चुकतायत. गटात लिहिलं तर वाचतं कोण, म्हणून इथे.

पहिली दुरुस्ती सरकारचे हात बांधते. असोसिएशन म्हणजे सरकार नव्हे, तेव्हा ती दुरुस्ती इथे कामाची नाही. पण न्यू जर्सीला स्वतःचं संविधान आहे. सध्याचं १९४७ चं, त्याआधी १८४४ चं, आणि पहिलं १७७६ चं. त्यातल्या पहिल्या प्रकरणाचा सहावा परिच्छेद सांगतो की प्रत्येक व्यक्तीला कुठल्याही विषयावर आपलं म्हणणं मोकळेपणाने बोलता, लिहिता, छापता येईल, गैरवापराची जबाबदारी मात्र तिची. 'सरकारने अमुक करू नये' असं तिथे नुसतं म्हटलेलं नाही, माणसाला हक्क दिलाय. त्यामुळे तो हक्क सरकारच्या बाहेरही, काही मर्यादेत, लागू पडतो असं इथलं, म्हणजे राज्याचं, सर्वोच्च न्यायालय १९८० पासून म्हणत आलंय.

आता फलकाबद्दल. पार्सिपनीत माझ्डाब्रुक कॉमन्स नावाची टाउनहाउस वस्ती आहे. तिथले खान नावाचे रहिवासी २००५ मध्ये नगर परिषदेसाठी उभे होते. त्यांनी स्वतःच्या प्रचाराचे दोन फलक स्वतःच्या घरात आतून लावले, एक खिडकीला, एक दाराला. असोसिएशनने काढायला लावले. नियम थेट आमच्यासारखाच: विक्रीचा फलक चालेल, बाकी काही नाही. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१२ मध्ये निकाल खानांच्या बाजूने लागला. मुख्य न्यायाधीश रॅबनर यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा मथितार्थ असा की आपल्याच घरात राजकीय मत दाखवण्यावर जवळजवळ सरसकट बंदी घालता येत नाही. फलक किती, केवढे, कुठे, यावर वाजवी नियम करता येतील. संडासच्या खिडकीएवढा ठेवा म्हणा हवं तर, पण नाहीच म्हणता येणार नाही.

देशाच्या घटनेत जे मिळालं नसतं ते राज्याच्या संविधानाने दिलं. आणि आपल्यातले बहुतेक जण नागरिकत्वाच्या परीक्षेला देशाची घटना घोकतात, राज्याची उघडूनही बघत नाहीत.

ओसरी:

माहितीपूर्ण. पण मग सहीचं काय? कागदावर सही करून नियम मान्य केले असतील तर हक्क सोडला असं होत नाही?

निवडुंग:

तोच युक्तिवाद असोसिएशनने केला होता. न्यायालयाने फार भाव दिला नाही. बोलण्याचा हक्क सोडायचा तर तो समजून उमजून सोडलेला असावा लागतो, जाडजूड दस्तऐवजाच्या कुठल्याशा पानावर 'मंडळाची परवानगी लागेल' असं लिहिलेलं असणं पुरेसं नाही.

पण सगळंच आपल्या बाजूने आहे असं समजू नका. २००७ चा ट्विन रिव्हर्सचा निकाल वाचा. ईस्ट विंडसरमधली ही प्रचंड मोठी वस्ती, दहा हजारांच्या आसपास लोक. तिथे नियम असा की दर खिडकीत एक फलक चालेल आणि बाहेर घरालगतच्या फुलांच्या वाफ्यात एक. काही रहिवाशांना तोही जाच वाटला. शिवाय वस्तीच्या वार्तापत्रात मंडळाच्या विरोधकांना बरोबरीची जागा मिळत नाही अशीही तक्रार होती. हरले. न्यायालय म्हणालं, बोलायला पुरेशी वाट मोकळी आहे, मंडळ तुम्हीच निवडून देता, पटत नसेल तर पाडा. म्हणजे संपूर्ण बंदी आणि वाजवी शिस्त यांच्यामध्ये कुठेतरी रेघ आहे, आणि ती प्रत्येक प्रकरणात नव्याने ओढली जाते.

बे_एरियाची_बाय:

अरे वा, आमचं कॅलिफोर्निया विसरलात! मॉलमध्ये बोलायचा हक्क आमच्याकडूनच सुरू झाला. कॅम्पबेलमधलं प्रूनयार्ड. शाळकरी पोरं तिथे टेबल मांडून संयुक्त राष्ट्रांच्या एका ठरावाविरुद्ध सह्या गोळा करत होती. सुरक्षारक्षकाने हाकललं. त्याआधी १९७२ आणि १९७६ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने साफ सांगितलं होतं की खासगी मॉलला पहिली दुरुस्ती लागू नाही. तरी १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने आमच्या राज्यघटनेखाली पोरांना हक्क दिला. मॉलवाले वॉशिंग्टनला गेले, माझी मालमत्ता माझी म्हणत. १९८० मध्ये तिथल्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी निकाल कायम ठेवला: राज्याला स्वतःच्या संविधानात जास्त हक्क द्यायचे असतील तर देऊ द्या.

प्रूनयार्ड अजून आहे बरं का. आम्ही जातो तिथे जेवायला. सह्या गोळा करणारं कुणी दिसलं की मी उगाचच थांबते.

निवडुंग:

बरोबर, आणि आमच्याकडे त्याच वर्षी श्मिडचा निकाल आला. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आवारात पत्रकं वाटणाऱ्या बाहेरच्या माणसाला अतिक्रमणाचा गुन्हेगार ठरवलं होतं, राज्याच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. पुढे १९९४ मध्ये मॉलही आले. आखाती युद्धाच्या तोंडावर युद्धविरोधी पत्रकं वाटू पाहणाऱ्यांना मोठ्या मॉलनी अडवलं होतं. निकाल चार विरुद्ध तीन, म्हणजे अगदी काठावर. जुन्या गावात बाजारपेठ, चौक, पार असायचा, लोक तिथे भेटायचे. ते सगळं मॉलने गिळलं, मग तिथली माणसंही त्यानेच सांभाळायची, असा एकंदर सूर. कर्णा घेऊन ओरडायला मात्र परवानगी नाही, आणि वेळ-जागेचे नियम मॉलने ठरवावेत.

दिवाभीत:

छान चाललंय कौतुक. थोडं मीठ टाकतो.

तुमच्या न्यू जर्सीच्या पहिल्या संविधानात, १७७६ च्या, मतदानाचा हक्क पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या 'सर्व रहिवाशांना' होता. त्यामुळे अविवाहित आणि विधवा बायका मत देत होत्या, स्वतंत्र कृष्णवर्णीयही देत होते. (लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची, म्हणून ती बाद.) १७९७ च्या निवडणूक कायद्यात तर तो किंवा ती असं स्पष्ट लिहिलंय. मग १८०७ मध्ये विधिमंडळाने साधा कायदा केला: फक्त गोरे पुरुष. संविधानाला हातही लावला नाही. ते तसंच राहिलं आणि हक्क गेला. कुठलं न्यायालय आडवं आलं नाही.

दुसरं उदाहरण याहून वाईट. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या संविधानात लिहिलं होतं की सर्व माणसं स्वतंत्र आणि समान जन्मतात. क्वॉक वॉकर नावाच्या गुलामाच्या खटल्यात १७८३ मध्ये मुख्य न्यायाधीश कुशिंग यांनी ज्युरीला सांगितलं की गुलामगिरी या वाक्यात बसत नाही. १७९० च्या जनगणनेत त्या राज्यात एकही गुलाम नोंदलेला नाही. आता न्यू जर्सी. १८४४ च्या संविधानात जवळजवळ तेच वाक्य, सर्व माणसं निसर्गतः मुक्त आणि स्वतंत्र आहेत. लोक त्या आधारावर न्यायालयात गेले. १८४५ मध्ये न्यायालय म्हणालं, अहो ते नुसतं तत्त्व आहे, त्याने गुलामगिरी रद्द होत नाही. पुढच्या वर्षी कायदा करून गुलामांना 'आजन्म शिकाऊ' असं गोंडस नाव दिलं. १८६० च्या जनगणनेत तिथे असे अठरा जण होते. आणि तेरावी घटनादुरुस्ती, जिने देशातली गुलामगिरी संपवली, ती या राज्याने १८६५ मध्ये चक्क फेटाळली, १८६६ मध्ये मान्य केली.

तेव्हा कागदावर काय लिहिलंय यावर जाऊ नका. खुर्चीत कोण बसलंय ते बघा.

ओसरी:

दिवाभीत, आयडी सार्थ केलात 😀 पण मुद्दा बिनतोड आहे.

निवडुंग:

दिवाभीत, तुमची एकूण एक गोष्ट खरी आहे. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. खुर्चीतली माणसं बदलतात म्हणूनच तर कागद हवा. १८४५ च्या न्यायाधीशांनी ते वाक्य निरर्थक ठरवलं, तरी वाक्य पुसलं गेलं नाही. १९४७ मध्ये रटगर्स विद्यापीठात नव्या संविधानाची परिषद बसली तेव्हा ते पुन्हा लिहिलं गेलं, 'सर्व व्यक्ती' असं करून. शिवाय धर्म, वंश, रंग यांवरून सार्वजनिक शाळांत आणि राज्याच्या सैन्यदलात कुणाला वेगळं बसवता येणार नाही, हे थेट संविधानात घातलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा शाळांबद्दलचा ब्राउन निकाल आला १९५४ मध्ये. सात वर्षं आधी एका राज्याने हे केलं होतं.

आणि याच राज्याच्या न्यायालयात बसलेले नेवार्कचे विल्यम ब्रेनन पुढे वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. सत्तरच्या दशकात देशाचं न्यायालय हक्क आखडायला लागलं, तेव्हा १९७७ मध्ये त्यांनीच हार्वर्डच्या कायदाविषयक नियतकालिकात लेख लिहून राज्यांच्या न्यायालयांना सांगितलं की आमच्याकडे बघत बसू नका, तुमच्या स्वतःच्या संविधानांकडे बघा. केंद्राने ठरवलेल्या किमान हक्कांच्या खाली राज्याला जाता येत नाही, वर कितीही जाता येतं. आणि राज्याच्या न्यायालयाने निव्वळ राज्याच्या संविधानावर निकाल दिला, तसं स्पष्ट लिहिलं, तर वॉशिंग्टनला त्यात हात घालता येत नाही.

न्यू जर्सीने ते सर्वांत जास्त मनावर घेतलं असेल तर पोलिसांच्या झडतीच्या बाबतीत. माझं आवडतं प्रकरण कचऱ्याचं आहे.

आदल्या रात्री आपण काळी पिशवी गाठ मारून रस्त्याच्या कडेला ठेवतो. तिच्यात काय असतं विचार करा. औषधांच्या रिकाम्या बाटल्या, त्यांच्यावर नाव आणि डोस. फाडलेलं बँकेचं पत्र. कुठल्या क्लिनिकचं पाकीट. काय खाल्लं, काय प्यालं, कुणी चिठ्ठी पाठवली. कॅलिफोर्नियातल्या एका प्रकरणात १९८८ मध्ये देशाचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, रस्त्यावर टाकलीत, आता कुत्रं, पोर, भंगारवाला कुणीही उचकेल, मग पोलिसांनी उचकली तर तक्रार कसली? वॉरंट नको. १९९० मध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयाने हेंपेल खटल्यात याच्या उलट सांगितलं. पिशवी पोलिसांनी उचलून नेली तर नेऊ द्या, पण गाठ सोडून आत बघायचं असेल तर न्यायाधीशाकडून वॉरंट आणा. एखादा नतद्रष्ट पिशवी उचकू शकतो, म्हणून सरकारलाही उचकायचा हक्क मिळत नाही.

फोनचंही तेच. तुम्ही कुणाला फोन लावले ही यादी १९७९ च्या केंद्रीय निकालानुसार खासगी नाही, कारण ती तुम्ही स्वतः कंपनीला दिलीत. न्यू जर्सीत १९८२ पासून ती खासगी आहे. २००५ मध्ये बँकेच्या नोंदी आल्या, २००८ मध्ये इंटरनेट वापरणाऱ्याची ओळख, २०१३ मध्ये मोबाइल कुठे होता त्याची माहिती. शेवटच्या बाबतीत देशाचं न्यायालय त्या दिशेला वळलं २०१८ मध्ये, पाच वर्षांनी.

आप्पा_साताऱ्याचे:

कचऱ्याच्या पिशवीला वॉरंट! आमच्याकडे घंटागाडीवाला ओला-सुका वेगळा नाही म्हणून पिशवी रस्त्यात उलटी करून दाखवतो, सगळ्या गल्लीसमोर.

एक शंका. भारतात राज्यांना असं स्वतःचं संविधान का नाही? सोसायट्यांचा जाच तर आपल्याकडे तिकडच्यापेक्षा जास्त आहे.

कायदेशीर_कटकट:

आप्पा, वकिली करते म्हणून उत्तर देते, फी नंतर सांगेन.

भारतात राज्यांना वेगळं संविधान नाही ही काही नजरचूक नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत अमेरिकेशी तुलना करून हे सांगितलं होतं. तिकडे घटक राज्यं आपापलं संविधान करतात, दुहेरी नागरिकत्व आहे. आपल्याकडे संघ आणि राज्यं एकाच चौकटीत, कुणालाच तिच्याबाहेर पडता येत नाही, आणि नागरिकत्व एकच. अमेरिकेत राज्यांनी आपल्या रहिवाशांना जास्त आणि बाहेरच्यांना कमी हक्क दिले, हेही त्यांच्या डोळ्यासमोर होतं. जातीपातीच्या देशात स्थानिक बहुसंख्येच्या हातात हक्कांची यादी द्यायची नाही, यात मला तरी मोठं शहाणपण दिसतं. दिवाभीतांनी दिलेली उदाहरणं बघा की.

अपवाद एकच होता, जम्मू आणि काश्मीर. तिथलं संविधान २६ जानेवारी १९५७ ला लागू झालं आणि २०१९ मध्ये संपलं.

सोसायट्यांबद्दल. आपले मूलभूत हक्क प्रामुख्याने 'राज्य' म्हणजे सरकारविरुद्ध आहेत. २००५ च्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या प्रकरणात, अहमदाबादची ही गृहनिर्माण संस्था, सर्वोच्च न्यायालयाने फक्त पारशांनाच सभासदत्व देणारा उपविधी कायम ठेवला. सहकारी संस्था म्हणजे स्वेच्छेने एकत्र आलेले लोक, त्यांना मूलभूत हक्कांच्या कसोटीला लावता येत नाही, असं म्हणून. त्या निकालाने मला अजूनही अस्वस्थ वाटतं. मात्र जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात घटनापीठाने बहुमताने म्हटलं की कलम १९ आणि २१ मधले हक्क सरकार सोडून इतरांविरुद्धही मागता येतील. त्याचा सोसायटीच्या नोटीसबोर्डापर्यंत कसा वापर होतो ते अजून दिसायचंय. तोवर महाराष्ट्रात सहकार कायदा, उपनिबंधक आणि दांडगा संयम.

बे_एरियाची_बाय:

कटकटताईंशी सहमत. राज्याचं संविधान दुधारी असतं. मी वर प्रूनयार्डचं कौतुक केलं, आता याच कॅलिफोर्नियाची दुसरी बाजू. १९६३ मध्ये घरं विकताना, भाड्याने देताना वंशभेद करायचा नाही असा कायदा झाला. १९६४ मध्ये लोकांनी जनमताने प्रस्ताव १४ मंजूर केला, जवळजवळ दोनास एक, आणि कुणालाही घर नाकारायचा 'हक्क' थेट राज्यघटनेत घातला! तो आमच्या न्यायालयाने १९६६ मध्ये देशाच्या घटनेखाली रद्द ठरवला आणि १९६७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं, पाच विरुद्ध चार. २००८ मध्ये मे महिन्यात आमच्या न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क दिला, नोव्हेंबरात मतदारांनी प्रस्ताव ८ ने तो काढून घेतला. प्रस्ताव ८ ने घातलेलं वाक्य राज्यघटनेतून अखेर पुसलं गेलं २०२४ मध्ये.

निवडुंग:

याला थोडी पुरवणी: न्यू जर्सीत लोकांना सह्या गोळा करून संविधान बदलता येत नाही. आधी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत तीन पंचमांश मतं, नाहीतर लागोपाठ दोन वर्षं साधं बहुमत, आणि मग मतदारांसमोर. त्यामुळे कॅलिफोर्नियासारखी दर नोव्हेंबरात घटनेची धुलाई होत नाही. मला हीच पद्धत बरी वाटते.

प्रेअरी:

कॅन्ससमधून. आम्हाला कुणी विचारत नाही, पण ऑगस्ट २०२२ मध्ये सगळा देश आमच्याकडे बघत होता. जूनमध्ये देशाच्या न्यायालयाने गर्भपाताचा केंद्रीय हक्क काढून घेतला. आमच्या राज्याच्या न्यायालयाने २०१९ मध्येच सांगून ठेवलं होतं की १८५९ च्या राज्यघटनेतल्या हक्कांच्या यादीत तो हक्क येतो. तो काढायची दुरुस्ती मतदानाला आली. इतकं लाल, म्हणजे रिपब्लिकन, राज्य, सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की पास होणार. ५९ टक्क्यांनी नाही म्हटलं. माझ्या ऑफिसमधले ट्रम्पची टोपी घालणारे दोघे त्या ५९ मध्ये होते, स्वतःच सांगत होते.

दिवाभीत:

म्हणजे वाक्य १८५९ चं, अर्थ २०१९ चा. मी म्हणालो तेच की, खुर्ची.

प्रेअरी:

आणि २०२२ ला खुर्ची नव्हती, मतपेटी होती. त्याचं काय?

दिवाभीत:

हं. ते मान्य.

आप्पा_साताऱ्याचे:

दिवाभीतांनी काहीतरी मान्य केलं! धागा वाचनखुणेत साठवला आहे.

ओसरी:

निवडुंग, व्यवहारी प्रश्न. मी फोर्ट लीला एका बहुमजली को-ऑपमध्ये, म्हणजे सहकारी मालकीच्या इमारतीत, राहते. मंडळाचे हिशेब कुणाला दाखवत नाहीत. आम्ही काही जण पत्रक काढून दारांखालून सरकवायचं म्हणतोय. अडवू शकतात?

निवडुंग:

तुमच्याच गावचा निकाल आहे! फोर्ट लीतल्या एका को-ऑपमधले एक रहिवासी, मंडळावर टीका करणारी पत्रकं दारोदारी वाटणार होते. घरनियमांत वाटपाला बंदी. मंडळ मात्र स्वतःची पत्रकं खुशाल दारांखालून सरकवत होतं. २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशाच्या बाजूने निकाल दिला. इमारतीचा कारभार हा तिथे राहणाऱ्यांसाठी राजकारणाइतकाच महत्त्वाचा विषय, त्यावर बोलायला अडवता येत नाही. वेळेचे वगैरे वाजवी नियम असतील तर पाळा, रात्री अकराला बेल वाजवू नका. आणि छापण्याआधी एखाद्या स्थानिक वकिलाला दाखवा, मी वकील नाही.

ओसरी:

धन्यवाद! आणि जाता जाता, आमच्या इमारतीत गणपतीसाठी कम्युनिटी रूमचं भाडं, अनामत आणि वर विम्याचं प्रमाणपत्र मागतात. त्यालाही संविधान लावता येईल का?

निवडुंग:

ट्विन रिव्हर्सवाले हाही मुद्दा घेऊन गेले होते. हरले. चेक लिहा.